रात्र नसलेल्या गावातलं घुबड

२२ जून

अलास्कातल्या अँकरेजहून निघालेलं विमान ब्रुक्स पर्वतरांग ओलांडून गेलं आणि खालची झाडं संपली. डोंगराच्या अलीकडे होती, पलीकडे नव्हती. तिथून थेट समुद्रापर्यंत सपाट तपकिरी जमीन. कुणीतरी तिच्यावर वेड्यावाकड्या पंचकोन-षट्कोनांची जाळी आखावी आणि प्रत्येक चौकटीत थोडं थोडं पाणी ओतावं, तशी ती वरून दिसत होती. ही सगळी करामत गोठलेल्या मातीची. हिवाळ्यात जमीन आकसून तडकते, वसंतात वितळलेलं पाणी त्या फटीत उतरतं आणि खालच्या कायम गोठलेल्या थरात पुन्हा गोठतं. शेकडो वर्षं हे चाललं की फटीत बर्फाची पाचर तयार होते आणि कडेची माती वर ढकलली जाते. कडेला बांध, मध्ये डबकं. हे एवढं सांगायचं कारण, पुढचे पाच दिवस हिमघुबडं शोधत आमचे डोळे त्या बांधांवर आणि उंचवट्यांवरच खिळलेले असणार होते. उंचवटा म्हणजे गुडघाभर, फार तर कमरेइतका. पण जिथे झाडच नाही, तिथे कमरेइतकी उंचीसुद्धा गच्चीसारखी.

उत्कियागविक हे अमेरिकेतलं सर्वांत उत्तरेचं गाव. ७१ अंशांच्याही वर. वस्ती पाच हजारांच्या आत, बाहेरून येणारा रस्ता नाही, घरं खांबांवर उभी. नाहीतर घराच्या उबेने खालची जमीनच वितळायची. २०१६ पर्यंत नकाशावर या गावाचं नाव बॅरो होतं, ब्रिटिश नौदल खात्यातल्या सर जॉन बॅरो यांच्यावरून. त्या वर्षी नाव बदलण्यासाठी मतदान झालं आणि ३८१ विरुद्ध ३७५ अशा सहा मतांनी इथल्या मूळ रहिवाशांचं, इन्युपियाक लोकांचं, जुनं नाव परत आलं. वाद तिथेही मिटला नाही. इन्युपियाक भाषेत हिमघुबड म्हणजे ‘उकपिक’. एका गटाचं म्हणणं होतं की खरं नाव उकपियागविक, म्हणजे हिमघुबडं टिपण्याची जागा. दुसरा गट म्हणत होता उत्कियागविक, कंदमुळं गोळा करण्याची जागा. कंदमुळं जिंकली. मला अर्थातच घुबडाच्या बाजूने वाईट वाटलं, पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

रात्री अकराला खोलीत शिरलो तेव्हा ऊन पडलेलं. इथे १० मेच्या सुमारास उगवलेला सूर्य २ ऑगस्टपर्यंत मावळत नाही. नवऱ्याने खिडकीच्या जाड पडद्याला चिमटे लावले, तरी एका फटीतून उन्हाची पट्टी थेट उशीवर. झोप येईना तेव्हा आठवलं, मराठीत घुबडाला ‘दिवाभीत’ असाही एक शब्द आहे. दिवसाला भिणारा. ज्याने तो शब्द केला, त्याला या गावचं घुबड दाखवायला हवं होतं.

२३ जून

आमचे वाटाडे साठीच्या पुढचे, जन्म इथलाच. गाडीत बसल्यावर त्यांनी आधी कागद तपासले, कारण गावाबाहेरची बरीच जमीन मूळ रहिवाशांच्या कंपनीच्या मालकीची आहे आणि तिथे पाय ठेवायला परवाना लागतो. मग म्हणाले, “एक गोष्ट लक्षात ठेवा. पांढरं काही दिसलं की आधी बादली समजा. बादली उडाली, तर घुबड.”

आम्ही हसलो. दुपारपर्यंत हसू मावळलं. खडीच्या रस्त्याने गॅसविहिरींच्या दिशेने जाताना मी अकरा घुबडं शोधली. त्यांतल्या पाच बादल्या, तीन टुंड्रा हंस, एक फाटकी पिशवी आणि एक कुठल्याशा यंत्राचं झाकण निघालं. वाटाडे प्रत्येक वेळी गाडी थांबवत, मला स्कोप (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) लावू देत आणि काहीच बोलत नसत. ते न बोलणं बोलण्यापेक्षा झोंबायचं.

अकरावी बादली मात्र वळली. म्हणजे नुसतं डोकं वळलं, अंग जागच्या जागी. पुढून मागे, मागून पुढे, जणू मानेखाली चक्र बसवलेलं. घुबडाचे डोळे कवटीत घट्ट बसलेले असतात. इकडेतिकडे पाहायचं तर डोळे नाही, सगळं डोकंच फिरवावं लागतं. त्यासाठी मानेत १४ मणके, माणसाच्या दुप्पट, आणि डोकं एका बाजूला २७० अंशांपर्यंत फिरतं. स्कोपमधून पाहिलं तर गोल डोकं, घुबडासारखं कमी आणि मांजरासारखं जास्त. कानाच्या पिसांचे तुरे आहेत, पण इतके बारीक की बहुतेक वेळा दिसतच नाहीत. चोच काळी, तीही चेहऱ्याच्या पिसांत जवळजवळ बुडालेली. आणि पिवळेधमक डोळे, उन्हामुळे अर्धे मिटलेले. पायांना नखांपर्यंत पिसं, लोकरीचे मोजे चढवल्यासारखी. बाकी सगळं पांढरं. ठिपका नाही, रेघ नाही. नर.

मी हिमघुबडाची जी चित्रं लहानपणापासून पाहिली, त्यांत बर्फ असायचा. पांढऱ्यावर पांढरं, आणि मधोमध दोन डोळे. मनात पक्कं बसलं होतं की हा रंग लपण्यासाठी. इथे जून सरत आलेला, टुंड्रा तपकिरी-हिरवी, बर्फ फक्त ओघळींच्या कडेला उरलेला, आणि हा प्राणी दीड किलोमीटरवरून नुसत्या डोळ्यांनी दिसतोय. लपायचं असतं तर याहून वाईट रंग सापडला नसता. वाटाड्यांना विचारलं तर म्हणाले, “त्याला दिसायचंच आहे. हा उंचवटा माझा, हे तो दिवसभर सांगतोय. ओरडायची गरजच नाही.”

तेवढ्यात तो ओरडलाही. पुढे वाकला, शेपटी वर केली, गळा फुगला आणि एक खोल घुमारा आला. रिकाम्या पिंपाच्या तोंडाशी कुणी ‘हूऽऽ’ केल्यासारखा. सपाट जमिनीवर हा आवाज काही किलोमीटर जातो म्हणतात.

२४ जून

आज घरटं पाहिलं. वाटाड्यांनी रस्त्यापासून आत नेलं, पण ठरलेल्या जागी थांबवलं. घरटं तीनशे मीटरवर. पुढे जायचं नाही, याचं कारण त्यांनी सांगितलं. मादी घाबरून उठली की अंडी आणि पिल्लं थंडीला उघडी पडतात, आणि वर सतत घिरट्या घालणाऱ्या पोमराइन स्कुआंना, म्हणजे अंडी-पिल्लं पळवणाऱ्या समुद्रपक्ष्यांना, तेवढी फट पुरते. शिवाय नर. घरट्यांची नोंद घेणाऱ्या संशोधकांनासुद्धा तो मागून येऊन पाठीत धडक मारतो. लांडग्यालाही सोडत नाही.

सुरुवातीला मला तिथे काहीच दिसेना. नर लगेच सापडला, अर्ध्या किलोमीटरवर, चुन्याच्या ढेकळासारखा. मादी समोर असून दिसत नव्हती. वाटाड्यांनी स्कोप लावून दिला तेव्हा कळलं, मी मघापासून तिच्याकडेच पाहत होते. उंचवट्यावर बसलेली, पाठीवर आणि डोक्यावर गडद तपकिरी आडव्या रेघा. अर्धवट वितळलेला बर्फ आणि त्यातून वर आलेलं सुकं गवत, नेमकी तीच नक्षी. म्हणजे लपण्याचं काम तिच्याकडे आणि दिसण्याचं त्याच्याकडे. कार्ल लिनियसने १७५८ मध्ये या पक्ष्याला दोन वेगळी नावं देऊन दोन जाती मानल्या होत्या. एक रेघांची, एक पांढरी. आज सकाळी मी त्याला हसले नसते.

मादी नराहून मोठी. वजन सहज दोन किलोंच्या वर, कधी तीनच्या आसपास. उत्तर अमेरिकेतलं सर्वांत वजनदार घुबड हेच. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सुमारे दीड मीटर. घरटं म्हणजे मात्र नुसता खळगा. काडी नाही, कापूस नाही. वाऱ्याने बर्फ आधी उडून जातो अशा उंचवट्यावर ती नखांनी माती उकरते, पोटाने दाबून वाटीचा आकार देते आणि त्यात अंडी घालते. साधारण दर दोन दिवसांनी एक. गंमत अशी की सगळी अंडी होईपर्यंत ती थांबत नाही, पहिल्यापासूनच उबवायला बसते. सुमारे ३२ दिवसांनी पहिलं पिल्लू बाहेर येतं, आणि मग ज्या क्रमाने अंडी घातली त्याच क्रमाने बाकीची. सात अंडी असतील तर थोरल्या आणि धाकट्यात बारा दिवसांचं अंतर पडतं.

हे वाचलेलं होतं. पण दुपारी मादी पाय मोकळे करायला उभी राहिली आणि खाली जे दिसलं, त्याला मी तयार नव्हते. एक पिल्लू राखाडी, चांगलं मुठीपेक्षा मोठं, मान ताणून बसलेलं. दोन मळकट पांढरी. दोन अगदी पांढरी, नुसता कापूस, त्यांतल्या एकाचे डोळेही उघडलेले नव्हते. आणि शेजारी दोन अंडी. एकाच आईची, एकाच वेळची भावंडं, आणि जणू पाच वेगवेगळ्या वर्गांतली मुलं. लेमिंग, म्हणजे टुंड्रावरचे उंदरासारखे छोटे प्राणी, भरपूर असतील तर सगळी जगतात. कमी पडले तर थोरली आधी घेतात आणि धाकट्यांच्या वाट्याला येईलच असं नाही.

खळग्याच्या काठावर मेलेले लेमिंग मांडलेले होते. नवऱ्याने आठ मोजले, मी नऊ. २०१३च्या उन्हाळ्यात क्युबेकच्या उत्तर भागात एका घरट्याभोवती ७० लेमिंग आणि ८ व्होल (तेही उंदरासारखेच) सापडले होते, त्यापुढे आमचं घरटं काटकसरीचंच म्हणायचं. मादी उबवत असताना आणि पिल्लं लहान असताना घरट्यावरून फारशी हलत नाही. दोघांचं आणि मग नऊ जणांचं पोट नराच्या पंजावर. तो लेमिंग आणून देतो, ती फाडून बारीक तुकडे भरवते. नर स्वतः पिल्लांना भरवताना आम्हाला एकदाही दिसला नाही.

चारच्या सुमारास कोल्हा आला. आर्क्टिक कोल्हा, पण उन्हाळी अंगरख्यातला, करडा-तपकिरी आणि हडकुळा. वारा हुंगत तिरका चालत होता. नराने त्याला आमच्याआधी पाहिलं असणार, कारण आम्ही कोल्हा शोधून स्कोप नीट करेपर्यंत तो निघालेला होता. जमिनीपासून दोन हातांवरून, पंखांचे सावकाश पण जोरकस ठोके. कोल्ह्याला शेवटच्या क्षणी कळलं, तो पाठीवर लोळला आणि दात दाखवले. नर वर उचलला गेला, वळला, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला कोल्हा शेपूट पायांत घालून जो पळाला तो थेट क्षितिजापर्यंत. या सगळ्यात मादी अंडी सोडून इंचभरही हलली नाही, फक्त डोकं कोल्ह्याबरोबर फिरत राहिलं.

परतताना वाटाड्यांनी एका डबक्याकडे बोट केलं. तिथे गवतात स्टेलर्स आयडर बदकाची मादी बसलेली होती. जगात विरळ झालेलं हे बदक इथे वीण करतं ते मुख्यतः लेमिंगच्या चांगल्या वर्षांत, आणि घरटं घुबडांच्या किंवा स्कुआंच्या आसपास. घुबड बदकही मारतं, तरी. घुबडाच्या नजरेखाली अंडी घालायची, कारण घुबडाच्या नजरेखाली कोल्हा येत नाही. मी बराच वेळ त्या बदकाचा हिशेब समजून घेत होते. पटला, पण तिच्या जागी मला झोप लागली नसती.

२५ जून

धुकं. खिडकीतून समोरचं घर दिसेना. बाहेर दोन अंश तापमान आणि समुद्रावरून येणारा वारा. ओले मोजे वाळत घातले.

दुपारी वाटाडे आले, कॉफी घेतली आणि लेमिंगवर बोलत बसले. ते कड्यावरून उड्या मारून सामूहिक जीव देतात ही निव्वळ थाप, हे त्यांनी न विचारता सांगून टाकलं. बाहेरची माणसं पहिल्यांदा तेच विचारत असावीत. लेमिंग हिवाळ्यात झोपत नाहीत. बर्फाच्या थराखाली, जमिनीलगत बोगदे करून गवताची मुळं आणि शेवाळ खात राहतात आणि तिथेच पिल्लंही घालतात. तीन ते पाच वर्षांनी त्यांची संख्या एकदम फुगते आणि मग कोसळते. हिमघुबडाचं सगळं आयुष्य या हिंदोळ्याला बांधलेलं. लेमिंग कमी असतील तर मादी तीन-चार अंडी घालते, भरपूर असतील तर अकरापर्यंत, आणि नसतील तर घालतच नाही. आउल रिसर्च इन्स्टिट्यूटचे डेन्व्हर होल्ट १९९२ पासून या गावाभोवती घरटी मोजत आले आहेत. त्यांच्या नोंदींत डझनावारी घरट्यांची वर्षं आहेत आणि एकही घरटं नसलेलीही.

“मग त्या वर्षी ती कुठे असतात?” नवऱ्याने विचारलं.

“दुसरीकडे,” वाटाडे म्हणाले.

आधी मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं, पण नेमकं तेच खरं आहे. पाठीवर उपग्रह-यंत्र लावलेल्या माद्या एका उन्हाळ्यात इथे तर दुसऱ्या उन्हाळ्यात शेकडो किलोमीटर दूर वीण करताना सापडल्या. या पक्ष्याला गाव नाही, जिथे लेमिंग ते गाव. हिवाळ्यात काही दक्षिणेच्या गवताळ मैदानांत उतरतात, आणि काही उलट उत्तरेतच राहून गोठलेल्या समुद्रावर, बर्फातल्या उघड्या पाण्याच्या कडेला आयडर बदकं मारून जगतात. तेव्हा इथे दोन महिन्यांहून जास्त सूर्य उगवत नाही. म्हणजे रात्रीची नजरही त्याच्याकडे शाबूत आहे. तो दिवसाला भीत नाही आणि रात्रीलाही नाही, इतकंच.

बर्फ नीट पडला नाही तर मात्र सगळं बिघडतं. हिवाळ्यात मध्येच पाऊस झाला की बर्फाखाली गोठलेला कडक थर तयार होतो आणि लेमिंगचं अन्न त्याखाली कोंडलं जातं. ईशान्य ग्रीनलंडमध्ये २००० नंतर लेमिंगची ही लय मोडली आणि तिथल्या अभ्यासक्षेत्रांत घुबडांची वीण जवळजवळ थांबली. पूर्वी जगभरातल्या हिमघुबडांचा आकडा दोन लाखांच्या घरात धरला जायचा. नंतरचे अंदाज तीस हजारांच्या आसपास आले, आणि २०१७ मध्ये ही घुबडं धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) वर्गात गेली. वाटाड्यांनी आकडे सांगितले नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं की त्यांच्या लहानपणी नोव्हेंबरात पाऊस पडत नसे.

२६ जून

दिवसभर झोपलो आणि रात्री निघालो. रात्री हा शब्द घड्याळापुरता. पाऊण वाजता सूर्य उत्तरेच्या जरा पश्चिमेला, समुद्राच्या वर, आणि टुंड्रावर प्रत्येक गवताची काडी आपल्या दसपट लांब सावली घेऊन उभी. पेक्टोरल सँडपायपर या पाणथळीतल्या छोट्या पक्ष्याचा नर छाती फुगवून घुमत जमिनीलगत उडत होता. पहिल्यांदा मला तेच घुबड वाटलं. बादलीनंतरची ही माझी दुसरी प्रगती.

नर त्याच्या उंचवट्यावर होता. हा उंचवटा लांबूनही ओळखू येतो, कारण तो भोवतालपेक्षा हिरवागार असतो. पिढ्यान् पिढ्या घुबडं तिथे बसून विष्ठा टाकत, उरलेसुरले तुकडे सांडत आलेली. इतक्या निकृष्ट जमिनीत तेवढंच खत. काल धुक्यात अशाच एका रिकाम्या उंचवट्यावर आम्ही वाट चुकून चढलो होतो, तर तिथे गोळ्यांचा खच. लेमिंग अख्खा गिळला जातो आणि न पचणारे केस-हाडं घट्ट गोळा होऊन तोंडावाटे बाहेर येतात. अंगठ्याहून जाड गोळा, केसांच्या नमद्यात बारीक जबडे.

वीस मिनिटं काही झालं नाही. हिमघुबडाची शिकार म्हणजे नव्वद टक्के बसून राहणं. मग त्याचं डोकं एका जागी थांबलं. किंचित खाली गेलं, किंचित डावीकडे, पुन्हा वर. अंतर मोजणं चाललेलं. मग तो निघाला. सरळ रेषेत, अगदी खालून, आणि शेवटच्या क्षणी पाय पुढे. गवतात एक टपोरी उडी. दुर्बिणीतून पाहिलं तर तो पंख अर्धे उघडे ठेवून उभा होता, आणि चेहऱ्यावर घुबडाचा नेहमीचा तो किंचित दुखावलेला भाव. खाली वाकला तेव्हा चोचीत लेमिंग लोंबत होता.

तो घरट्यावर गेला, दिला, परत आला. पुन्हा बसला. पहाटे तीनपर्यंत हे पाच वेळा झालं, मध्ये दोनदा हुकलं. मोठं घुबड दिवसाला तीन ते पाच लेमिंग खातं म्हणतात. त्यात मादी आणि वाढती पिल्लं धरली तर या नराला उसंत अशी ऑगस्टातच. थोरली पिल्लं तीन आठवड्यांची झाली की उडता येत नसतानाच खळग्यातून चालत बाहेर पडतात आणि गवतात पांगतात. तेव्हापासून प्रत्येकाला शोधून भरवायचं. उडायला लागतात सातव्या आठवड्याच्या सुमारास. त्या वेळी या गावात सूर्य पहिल्यांदा मावळलेला असतो.

तीनला मादी उभी राहिली. अंडं आता एकच दिसत होतं. दुसऱ्याच्या जागी काहीतरी गुलाबी-पांढरं, ओलं, हलत होतं. नवऱ्याने फोटो काढला, तो धूसर आला. कॅमेऱ्याला दोष नाही, तीनशे मीटर आणि थरथरणारी हवा. मला त्याने तो तीन वेळा दाखवला आणि तिन्ही वेळा “हे बघ, इथे” म्हणाला.

२७ जून

विमान दुपारचं. विमानतळावर बसलो असताना माझ्या लक्षात आलं की नवऱ्याच्या गमबुटाच्या शिवणीत चिखलाबरोबर एक पीस अडकलंय. बोटाइतकं, पांढरं, बुडाशी भुरभुरीत मऊ. परवाच्या धुक्यातल्या उंचवट्यावरचंच असणार. हातात घेतलं तर वजन लागेना, पण बोटाच्या पेराला ऊब मात्र लगेच जाणवली.

वाटाडे निरोप द्यायला थांबले होते. त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. १९१८ च्या कायद्यानुसार स्थलांतरी पक्ष्याचं पीससुद्धा जवळ ठेवता येत नाही, सापडलेलं असलं तरी. “इथेच राहू दे त्याला,” ते म्हणाले. पीसही त्यांच्या लेखी ‘तो’च.

नवरा बूट काढून हातात घेऊन एका पायावर उड्या मारत दारापर्यंत गेला. बाहेर समुद्रावरचा वारा होता. पीस शिवणीत घट्ट बसलेलं, दोन-तीनदा झटकल्यावर सुटलं, खडीवर घरंगळलं आणि कुंपणाच्या तारेला जाऊन चिकटलं. विमानाची घोषणा झाली तेव्हाही ते तिथेच होतं.